दुरून पाहण्याची विद्या

(वार्षिक स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



प्रवास करून आलेल्या मनुष्यास व्याख्यानाला उभे करणे हे धाडसाचे काम आहे. तो कोठे थांबेल याचा नेम नसतो. आपल्या चिटणीसांनी हे धाडस केले, याबद्दल मी प्रथम त्यांचे आभार मानतो आणि वेळेची मर्यादा पाळण्याचे वचन देतो. उत्तरेकडील एका थंड समुद्रात शिडाच्या नौकेतून केलेल्या बारा दिवसांच्या प्रवासाविषयी मी बोलणार आहे. परंतु खरे पाहता माझा विषय प्रवास हा नसून ‘पाहणे’ हा आहे. वन्य प्राणी कसा पाहावा, किती जवळून पाहावा, आणि पाहताना आपण त्याचे काय देणे लागतो, हे तीन प्रश्न त्या प्रवासात मला पडले. त्यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच एका चुकीने शिकविले. ती चूकही आज आपणांपुढे मांडणार आहे.

माझे जावई अमेरिकेत सिएटल शहरी नोकरीस असतात. त्यांच्या ओळखीचे एक सत्तरीतील गृहस्थ आपली छत्तीस फुटी शिडाची नौका घेऊन दर उन्हाळ्यात अलास्काच्या किनाऱ्यावर जातात. २०१८ च्या जूनअखेर आम्ही सासरे-जावई विमानाने ज्यूनो बंदरी पोहोचलो आणि त्यांच्या नौकेवर चढलो. आमचे गन्तव्य होते ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांचा उपसागर. हे स्थळ सुमारे ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या दिवसांत तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि चारच्या सुमारास पुन्हा उगवतो. मधल्या काळातही पुरता अंधार असा होतच नाही.

या उपसागराची एक मोठी नवलाई आहे. १७९४ साली कॅप्टन व्हँकूव्हर यांच्या मोहिमेतील होड्या येथे आल्या, तेव्हा उपसागर असा जवळजवळ नव्हताच. किनाऱ्यात आठेक किलोमीटरांची खाच आणि तिच्यामागे बर्फाची प्रचंड भिंत, एवढेच त्यांना दिसले. पुढे १८७९ साली निसर्गप्रेमी जॉन म्यूर हे तेथील ट्लिंगिट लोकांच्या होडीतून आले, तो बर्फ साठ किलोमीटरांहून अधिक मागे हटला होता. आज नौका मुखापासून सुमारे शंभर किलोमीटर आत जाऊ शकते. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढ्यांएवढ्या अवधीत येथे एक नवा समुद्र निर्माण झाला. त्यात आधी शेवाळ आले, मग मासे, मग पक्षी, मग देवमासे. सृष्टी रिकामे घर फार दिवस रिकामे ठेवीत नाही.

आता शिडाच्या नौकेविषयी दोन शब्द. आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांचे मूळ गाव कोकणकिनाऱ्यावर आहे. गलबतांच्या गोष्टी आपण आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत. माझीही कल्पना अशी होती, की शिडे भरली, सुकाणू धरले, की निघाली नौका. प्रत्यक्षात डोंगरांनी वेढलेल्या त्या खाड्यांत वारा कधी पडतो, कधी अचानक नाळेवरच येतो. भरती-ओहोटीतील फरक वीस फुटांहूनही अधिक असतो. आपल्या मुंबईस मोठ्या उधाणाला तो सोळा फुटांच्या आसपास जातो, यावरून कल्पना करावी. त्यामुळे प्रवाहाची वेळ साधली नाही, तर शिडे फुगलेली असूनही नौका किनाऱ्यावरच्या त्याच झाडासमोर तासभर उभी राहते. प्रामाणिकपणे सांगायचे, तर निम्मा प्रवास आम्ही इंजिनावरच केला. परंतु वारा लाभून इंजिन बंद झाले, की जी शांतता पसरे ती केवळ अवर्णनीय. नाळेखाली पाण्याची कुजबुज, दोरांचा किंचित करकर आवाज, आणि दूरवर कोणीतरी दीर्घ निःश्वास सोडावा तसा एक ध्वनी. तो निःश्वास देवमाशाचा.

आइसी स्ट्रेट नावाच्या सामुद्रधुनीत आम्ही हंपबॅक जातीचे देवमासे प्रथम पाहिले. याला आपण मासा म्हणतो खरे, पण तो आपल्यासारखाच फुप्फुसाने श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो. लांबी चाळीस-पंचेचाळीस फूट, म्हणजे आमच्या नौकेहून मोठा. हिवाळ्यात हे प्राणी हवाई बेटांच्या उबदार पाण्यात जाऊन तेथे पिलांना जन्म देतात आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहतात. उन्हाळा लागला, की सुमारे साडेचार हजार किलोमीटर पोहून ते पोटासाठी या थंड पाण्यात परततात. त्यांचे एकत्र जेवण आम्ही एकदा पाहिले. सहा-सात देवमासे एकामागून एक बुडाले. काही क्षणांनी पाण्यावर बुडबुड्यांचे एक मोठे वर्तुळ उमटले. तळाशी एक देवमासा बुडबुडे सोडीत गोल फिरतो. हेरिंग मासळी त्या बुडबुड्यांच्या जाळ्यात कोंडली जाते, आणि मग सगळे जण जबडे वासून एकदम वर येतात. आपल्या रांपणीला जितकी माणसांची एकजूट लागते, तितकीच ही एकजूट मला दिसली. फरक एवढाच, की येथे जाळे श्वासाचे होते.

येथेच माझा पहिला गैरसमज दूर झाला. शिडाची नौका शांत असते, म्हणून ती प्राण्यांना निरुपद्रवी, असे मी मानून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगल्या वाऱ्यावर नौका धावत असता नाळेपुढे तीस-चाळीस पावलांवर काळी पाठ वर आली. मालकांनी सुकाणू झटक्याने वळविले आणि जावयांना इंजिन चालू करण्यास सांगितले. देवमासा सावकाश बुडाला. आमच्या काळजाचे ठोके मात्र बराच वेळ जागेवर आले नाहीत. मालक म्हणाले, “आपला आवाज नाही, म्हणून आपण आलो हे त्याला कळत नाही. शांतता ही आपल्या सोयीची असते. ती त्याच्या सोयीची असेलच असे नाही.” तेव्हापासून देवमाशांच्या वावराच्या जागी आम्ही शिडे आखडून घेत असू, एक जण नाळेवर उभा राहून पाळत ठेवी आणि इंजिन मंद घरघरत राही. पाहुण्याने घरात शिरण्यापूर्वी दारात खाकरावे, तसेच हे.

ग्लेशियर बेच्या तोंडाशी बार्टलेट कोव्ह नावाचा धक्का आहे. जून ते ऑगस्टपर्यंत आत एका वेळी केवळ २५ खासगी नौकांना परवाना मिळतो, आणि आत जाण्यापूर्वी प्रत्येकाला तेथील अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन ऐकावे लागते. उद्यानाच्या हद्दीत हंपबॅकपासून पाव सागरी मैल, म्हणजे सुमारे ४६० मीटर, दूर राहण्याचा नियम आहे. या नियमांमागची कथा आपल्या समाजातील शिक्षकवर्गाला विशेष आवडेल. १९७० च्या दशकात ज्यूनो येथील चार्ल्स जुरास नावाचे एक शाळामास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या कुटुंबासह नौकेवर राहून देवमाशांची छायाचित्रे घेत असत. देवमाशाच्या शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळेपांढरे ठिपके हे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येकाचे वेगळे असतात. त्यावरून एकेक प्राणी वर्षानुवर्षे ओळखता येतो, हे दाखवून देणाऱ्यांत ते अग्रेसर होते. १९७८ च्या उन्हाळ्यात देवमासे उपसागर सोडून लवकर निघून गेले, आणि वाढत्या नौकांची वर्दळ हे त्याचे कारण असावे, अशी शंका त्यांनी जाहीरपणे मांडली. तिची दखल घेतली गेली आणि नौकांवर निर्बंध आले. एका शिक्षकाने सुट्टीत ठेवलेल्या टिपणांचे हे फळ होय.

याच जुरास यांनी १९७५ साली शेपटीवर हिमकण विखुरल्यासारखे ठिपके असलेली एक मादी नोंदली आणि तिचे नाव ‘स्नो’, म्हणजे हिम, असे ठेवले. पुढे पंचवीसहून अधिक वर्षे ती या पाण्याशी संबंध राखून होती. २००१ च्या जुलै महिन्यात एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या धडकेने ती मेली. त्या वेळी ती गाभण होती. तिचा पंचेचाळीस फुटी सांगाडा २०१४ पासून बार्टलेट कोव्ह येथे उभा केलेला आहे. पावसाची झिमझिम चालू असता आम्ही त्या हाडांखाली उभे राहिलो. जहाजावर तिच्यासारख्यांनाच पाहावयास आलेले प्रवासी होते, ही गोष्ट माझ्या मनातून काही केल्या जाईना. प्रेमाने पाहावयास आलेली माणसेही घात करू शकतात.

संरक्षणाने काय साधते, याचे उदाहरणही तेथेच पाहिले. हे उदाहरण समुद्री पाणमांजराचे. हा प्राणी पाठीवर तरंगतो, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडतो, आणि मादी आपले पिलू छातीवर घेऊन झोपविते. इतर सागरी सस्तन प्राण्यांप्रमाणे त्याला चरबीचा जाड थर नसतो. सगळी ऊब त्याच्या केसाळ कातड्याची, आणि एवढे दाट केस दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला नाहीत. हेच केस त्याचा काळ ठरले. १७४१ नंतर व्यापाऱ्यांनी त्याची इतकी शिकार केली, की १९११ साली आंतरराष्ट्रीय करार होईपर्यंत साऱ्या जगात केवळ एक-दोन हजार पाणमांजरे उरली असावीत. आग्नेय अलास्कात तर एकही उरले नव्हते. १९६५ ते १९६९ या काळात अन्य ठिकाणांहून सुमारे ४०० प्राणी आणून येथे सोडण्यात आले. त्यांचा वंश वाढत वाढत ग्लेशियर बेत शिरला. १९९५ साली तेथे पाच पाणमांजरे मोजली गेली. २०१२ साली ती संख्या आठ हजारांवर गेली होती. समुद्रशेवाळाच्या पट्ट्यात पन्नास-साठ जणांचा कळप तरंगत असलेला आम्ही दुर्बिणीतून पाहिला.

परंतु सज्जनहो, या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. हा प्राणी दिवसाकाठी आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा अन्न खातो, आणि ते अन्न म्हणजे खेकडे, शिंपले, समुद्री साळू. ज्यांचा प्रपंच खेकड्यांवर चालतो, त्या कोळ्यांना आणि ट्लिंगिट लोकांना हे पुनरागमन महाग पडले आहे. धक्क्यावर भेटलेल्या एका मच्छीमाराने मला स्पष्टच विचारले, “तुम्ही फोटो काढता, आमच्या रिकाम्या पिंजऱ्यांचे काय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुरून येणाऱ्याला कौतुक आणि जवळ राहणाऱ्याला तोटा, अशी वाटणी कोठेही न्यायाची म्हणता येणार नाही.

ट्लिंगिट लोकांचे एक जुने शहाणपण येथे सांगितले पाहिजे. बर्फ पुढे सरकल्यामुळे १७५० च्या सुमारास या लोकांना उपसागरातील आपली गावे सोडावी लागली. पुढे येथे उद्यान झाले आणि समुद्रपक्ष्यांची अंडी वेचण्याची त्यांची वाडवडिलांपासूनची रीत बेकायदा ठरली. अभ्यासकांनी ती रीत तपासली, तेव्हा असे दिसले, की हे लोक एक किंवा दोन अंडी असलेल्या घरट्यांतूनच अंडी घेत. तीन अंडी असतील तेथे हात लावीत नसत. तीन अंडी म्हणजे पक्षीण उबवावयास बसली. एक-दोन असतील, तर ती पुन्हा घालते. २०१४ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून ही रीत मर्यादित स्वरूपात पुन्हा मान्य केली. कोठे घ्यावे आणि कोठे हात आवरावा, हे ज्यांना शतकानुशतके ठाऊक होते, त्यांना परके ठरवून निसर्ग राखता येत नाही, हा त्याचा अर्थ.

आता माझी चूक सांगतो. उपसागराच्या अगदी वरच्या टोकाला जॉन्स हॉपकिन्स नावाची खाडी आहे. तिच्या शेवटी हिमनदी थेट समुद्रात उतरते. मेघगर्जनेसारखा आवाज होऊन तिचे कडे कोसळतात आणि खाडीभर बर्फाचे तुकडे तरंगत राहतात. त्या तुकड्यांवर शेकडो सील माद्या पिलांना जन्म देऊन दूध पाजतात, कारण तेथे जमिनीवरील श्वापदे येत नाहीत आणि ओर्का देवमासेही सहसा पोहोचत नाहीत. मे आणि जून महिन्यांत ही खाडी सर्व नौकांना बंद असते. जुलैत छोट्या नौकांना प्रवेश मिळतो. परंतु बर्फावरील सीलपासून तेथेही पाव सागरी मैल दूर राहावयाचे असते.

आम्ही जुलैच्या पहिल्याच आठवड्यात तेथे गेलो. इंजिन बंद करून नौका सोडून दिली होती. ऊन पडले होते आणि बर्फ निळा दिसत होता. एका तुकड्यावर माय-पिलू पहुडले होते. मी नातवाला दाखविण्यासाठी छायाचित्र घेत होतो. मालक म्हणाले, “प्रवाह आपल्याला त्यांच्याकडे नेतो आहे, आता मागे फिरू.” मी म्हणालो, “आणखी पाच मिनिटे.” सत्तरीचा तो सुजन मनुष्य पाहुण्याचे मन मोडावयास कचरला, आणि त्या पाच मिनिटांची दहा केव्हा झाली ते कळले नाही. बर्फ आमच्याकडे आणि आम्ही बर्फाकडे सरकत राहिलो. मादीने एकदा मान उंचावली, दुसऱ्यांदा उंचावली, आणि तिसऱ्यांदा ती सरळ पाण्यात घसरली. पिलू बर्फावर एकटे राहिले आणि हाक मारू लागले. सीलच्या पिलाची हाक ‘माऽ, माऽ’ अशीच ऐकू येते, हे मी पदरचे सांगत नाही. ज्यांनी ती ऐकली आहे ते सारे हेच सांगतात.

आम्ही वल्ह्याने बर्फ दूर सारीत हळूहळू मागे हटलो. मध्ये बर्फाचे मोठे तुकडे आले आणि ते पिलू दिसेनासे झाले. मादी परत आली की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. बहुधा आली असेल, असे मालक म्हणाले. माझे समाधान करण्यासाठी म्हणाले असावेत. अशा वेळी पिलू थंड पाण्यात उतरले तर त्याची शक्ती खर्ची पडते, आणि मायलेकरांची कायमची ताटातूटही होऊ शकते. त्या रात्री कोणी फार बोलले नाही. ते छायाचित्र फार सुरेख आले आहे. मी ते नातवाला अद्याप दाखविलेले नाही. आज ना उद्या या हकिकतीसह दाखवीन.

आपण म्हणाल, ही सगळी दूर देशीची कथा. तिचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे. ज्या हंपबॅकविषयी मी बोललो, त्याच जातीचे देवमासे आपल्या अरबी समुद्रात आहेत. हे इतरांप्रमाणे दूर स्थलांतर करीत नाहीत. बारमाही येथेच राहतात. १९६६ च्या सुमारास सोव्हिएत जहाजांनी चोरून त्यांतील दोनशेहून अधिक मारले, आणि आज प्रौढ प्राणी अडीचशेहूनही कमी उरले असावेत, असे तज्ज्ञ मानतात. उत्तर पॅसिफिकमध्येही १९६६ च्या सुमारास शिकार थांबली, तेव्हा हे प्राणी हजार-दीड हजारच राहिले होते. २०१२ पर्यंत ते तेहतीस हजारांच्या आसपास गेले. मध्यंतरी समुद्र तापल्यामुळे २०२१ पर्यंत ती संख्या पुन्हा पाचव्या हिश्श्याने घटली. म्हणजे हात आवरला तर सृष्टी परत येते. पण आलेली टिकेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

आपल्या किनाऱ्यावर या विद्येचा अगदीच अभाव आहे, असेही नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने कासवांची घरटी राखली. आज पिले समुद्राकडे निघतात तेव्हा माणसे दोराच्या अलीकडे उभी राहून पाहतात. कासव किंवा डॉल्फिन जाळ्यात सापडल्यास कोळी बांधव आपले जाळे कापून त्याला सोडतात, आणि त्या नुकसानीपोटी महाराष्ट्र शासन २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. त्या अलास्काच्या मच्छीमाराच्या प्रश्नाला हे थोडेतरी उत्तर आहे: राखण्याचा खर्च एकट्या गरिबावर पडू नये.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुट्टीत मालवण-तारकर्लीस जातात आणि डॉल्फिन दाखविणाऱ्या होड्यांत बसतात. माझी विनंती एवढीच आहे. होडीवाल्या दादांना “आणखी जवळ घ्या” असे म्हणू नका. “इंजिन मंद करा, आम्हाला दुरून चालेल” असे म्हणा, आणि ठरलेले भाडे आनंदाने द्या. गिऱ्हाइकानेच दूर राहण्याची मागणी केली, तर त्या बिचाऱ्याला पाठलाग करण्याचे कारणच उरणार नाही. मुलांच्या हाती दुर्बीण द्या, एक वही द्या. काय पाहिले, केव्हा पाहिले, ते लिहू द्या. त्या शाळामास्तरांच्या कुटुंबाने हेच केले होते.

आपल्या घरांत वडीलधारी माणसे विश्रांती घेत असली, तर आपण उंबऱ्यावरूनच परततो. त्यांना हलवून जागे करीत नाही. हा संस्कार आपल्याला नवा नाही. तो समुद्रापर्यंत नेला पाहिजे, इतकेच मला सांगावयाचे होते. ‘आणखी पाच मिनिटे’ हे शब्द मी एकदा उच्चारले आहेत. आज चिटणीसांकडे पाहून ते पुन्हा उच्चारण्याचा मोह आवरतो.